कासवाचे डोळे थेंबांनी उघडतात आणि महिन्याभरात पुन्हा मिटतात, तेव्हा

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच शब्दांत येते. टबातल्या लाल कानाच्या कासवाचे डोळे सुजले, मेडिकलमधून थेंब आणून घातले, आठवड्यात उतार पडला, कासव खायला लागलं. महिना-दीड महिन्यात पापण्या पुन्हा फुगल्या. थेंब पुन्हा, उतार पुन्हा. तिसऱ्या खेपेला डोळे उघडतच नाहीत, कासव कोपऱ्यात तरंगत राहतं आणि खाणं पूर्ण बंद होतं. बहुतेक कासवं या तिसऱ्या खेपेलाच पशुवैद्याच्या टेबलावर पोचतात, आणि तोवर त्यांच्या अंगात फारसं काही उरलेलं नसतं. ही वेळ टाळता येते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

थेंबांनी डोळ्यातला जंतुसंसर्ग कमी होतो. पण जंतू तिथे का शिरले, याचं उत्तर डोळ्यात नसतं. ते कासवाच्या खाण्यात, पाण्यात आणि उन्हात असतं. तिथे काही बदललं नाही तर दुखणं उलटणारच.

आधी कासव कोणतं आहे ते पाहा

हे सगळं रेड-इअर्ड स्लायडरबद्दल आहे. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासव. मत्स्यालयाच्या दुकानात ते दहाच्या नाण्याएवढं असताना, ‘एवढंच राहतं’ असं सांगून विकलं जातं. ते तेवढं राहत नाही. मादीची पाठ २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळलं तर हे कासव वीस-तीस वर्षं जगतं.

तुमच्याकडच्या कासवाच्या पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असेल, किंवा कडा मऊ, कातडीसारख्या असतील, तर ते बहुधा भारतीय स्टार कासव किंवा फ्लॅपशेल आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ती घरी पाळता येत नाहीत. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक आहे, तिथे कळवा. आणि स्लायडरसाठी इथे दिलेला आहार स्टार कासवाला देऊ नका. ते जमिनीवरचं, गवत-पाला खाणारं कासव आहे.

पापण्या सुजतात कशा

जीवनसत्त्व अ शरीरातली ओली अस्तरं निरोगी ठेवतं. डोळ्याभोवतालच्या ग्रंथी, नाक, तोंड, कानाची नळी, श्वासमार्ग, मूत्रपिंडातल्या नलिका, सगळीकडे ते लागतं. ते कमी पडलं की या अस्तरातल्या नाजूक पेशींच्या जागी कडक, चपट्या, कातडीसारख्या पेशी तयार होतात. त्या सुटून पडतात आणि अश्रुग्रंथींच्या नळ्या बुजवतात. ग्रंथी फुगते, पापणी सुजते. साचलेल्या त्या मळावर जंतू वाढतात आणि मग आपल्याला दिसतो तो ‘डोळ्याचा आजार’ सुरू होतो.

अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या यकृतात आईकडून आलेला साठा असतो, तो काही महिने पुरतो. म्हणून दुकानातून आणल्यावर सुरुवातीला कासव अगदी ठणठणीत असतं आणि पाच-सहा महिन्यांनी ‘अचानक’ डोळे सुजतात. घरचे म्हणतात, खाणं तर पहिल्या दिवसापासून तेच आहे. तेच आहे, म्हणूनच तर.

यातली सगळ्यात क्रूर बाजू अशी की स्लायडर खाणं डोळ्यांनी बघून पकडतं. डोळे मिटले की ते खात नाही, खाल्लं नाही की जीवनसत्त्व आणखी घटतं. या फेऱ्यातून ते आपलं आपण बाहेर पडत नाही.

सूज कुठे आहे, कशी आहे

प्रत्येक सुजलेला डोळा जीवनसत्त्वाच्या अभावाचाच असतो असं अजिबात नाही. औषधाआधी पाच मिनिटं चांगल्या उजेडात नीट बघा.

दोन्ही पापण्या फुगलेल्या, पांढुरक्या, कासव लहान, आणि आहार बाटलीतली सुकी कोळंबी. ही जीवनसत्त्व अ कमी पडल्याची ठरलेली खूण आहे.

एकच डोळा सुजला असेल तर आधी इजेचा संशय घ्या. टबात दुसरं कासव आहे का? ओरबाडणं, चावणं नेहमीचं असतं. तळाशी बारीक वाळू असेल तर तिचा कणही पापणीखाली अडकतो.

पाणी बदलल्यावर एक-दोन दिवसांत दोन्ही डोळे लाल होऊन कासव पुढच्या पायांनी ते चोळत असेल तर क्लोरीन किंवा अमोनिया. नवा दिवा लावल्यावर लगेच डोळे मिटले असतील तर तो दिवा आजच काढा. पाणी निर्जंतुक करायचे यूव्हीसी दिवे ‘यूव्ही’ एवढंच वाचून कासवावर लावलेले मी पाहिले आहेत. त्यांनी डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा अक्षरशः भाजतो.

डोळ्यामागे, लाल पट्ट्याच्या जागी गोल गाठ वर आली असेल तर तो कानातला गळू आहे. त्याचंही मूळ बऱ्याचदा जीवनसत्त्व अ आणि घाणेरडं पाणी हेच असतं, पण इलाज वेगळा. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ होत नाही, तो पनीरसारखा घट्ट गोळा होतो. त्यामुळे तो आपोआप वाहून जात नाही आणि नुसत्या प्रतिजैविकाने विरघळतही नाही. भूल देऊन, चीर घेऊन तो काढावा लागतो. हे घरी सुईने करायला जाऊ नका.

सुजेऐवजी डोळे आत गेलेले असतील तर शरीरातलं पाणी कमी झालं आहे, आणि ते कासव दिसतं त्याहून जास्त आजारी आहे.

लगेच दवाखान्यात कधी

नाकातून फुगे येणं, तोंड उघडून मान ताणून श्वास घेणं, पोहताना एका बाजूला कलणं, बुडी मारता न येणं, ही न्यूमोनियाची लक्षणं आहेत. उचलल्यावर पाय आत न ओढणारं, लुळं पडलेलं कासवही त्याच रांगेत. अशा वेळी खालचं काहीही करत बसू नका, त्याच दिवशी निघा. कासव पाण्यात ठेवून नेऊ नका. भोकं पाडलेल्या डब्यात ओला टॉवेल अंथरा आणि डबा उबदार ठेवा.

कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर कासवं बघत नाहीत. फोन करून स्पष्ट विचारा. ‘आम्ही बघत नाही’ असं सांगणारा डॉक्टर प्रामाणिक असतो. त्यांच्याकडूनच पुढचं नाव मिळतं.

खाणं, म्हणजे खरा इलाज

माझा आग्रह आहे की लाल-नारिंगी झाकणाच्या बाटलीतली ती सुकी कोळंबी आजपासून मुख्य अन्न म्हणून बंद करा. तिचा वास कासवाला आवडतो, म्हणून ते ती झडप घालून खातं, आणि आपल्याला वाटतं की हेच त्याचं अन्न. वाळवून, उजेडात महिनोन्महिने पडलेल्या त्या मालात जीवनसत्त्व अ फारच थोडं उरतं. स्वयंपाकघरातली सुकट, जवळा यांचंही तेच, वर मीठ असलं तर आणखी वाईट. नुसत्या चिकनचे तुकडेही चालणार नाहीत. हाड-यकृताशिवायच्या मांसात कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो आणि कासवाला लागतं उलट, फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम. हे बिघडलं की कवच मऊ पडतं. सुजलेले डोळे आणि दाबलं जाणारं कवच एकाच कासवात सापडणं अगदी नेहमीचं आहे, कारण दोन्हींचं मूळ एकाच डब्यात असतं.

कासवांसाठीच बनवलेली, घटक आणि जीवनसत्त्वं छापलेली चांगली पेलेट्स, म्हणजे तयार खाद्याच्या छोट्या गोळ्या, हा पाया. सुटी, पिशवीत मोजून दिलेली नकोत. पाकीट छोटं घ्या, घट्ट बंद ठेवा, कारण उघडल्यावर जीवनसत्त्व अ हवेने आणि उजेडाने उतरत जातं. वर्षभर पुरेल असं मोठं पाकीट स्वस्त पडत नाही.

त्यासोबत आठवड्यातून एक-दोनदा अख्खा छोटा मासा, गप्पीएवढा, आतड्या-यकृतासकट. यकृतात तयार जीवनसत्त्व अ असतं आणि काट्यांत कॅल्शियम. लहान स्लायडर मुख्यतः मांसाहारी असतं, वाढेल तसं ते पाल्याकडे वळतं. त्यामुळे पिल्लाने भाजी नाकारली तर घाबरू नका, पण टाकत राहा. शेवग्याचा पाला, तांदळी, गाजराचा कीस, उकडून कुस्करलेला लाल भोपळा किंवा रताळं. काकडी आणि लेट्यूस म्हणजे नुसतं पाणी. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं. टबात समुद्रफेनाचा तुकडा, त्याची कडक पाठ खरवडून, तरंगत ठेवा. कासव तो कुरतडत राहतं आणि कॅल्शियम मिळतं.

पिल्लाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांआड, आणि एका वेळी साधारण त्याच्या डोक्याएवढी पेलेट्स. उरलेलं अर्ध्या तासात काढून टाका. स्लायडरला पाण्याबाहेर घास गिळता येत नाही, त्यामुळे खाणं नेहमी पाण्यातच.

कोळंबीची सवय लागलेलं कासव पेलेट्सकडे ढुंकूनही बघत नाही, ही पुढची तक्रार. निरोगी, डोळे उघडे असलेल्या कासवाला काही दिवस भूक लागू द्यायला हरकत नाही. कोळंबीची पूड पेलेट्सवर भुरभुरा, रोज थोडी कमी करा. डोळे मिटलेल्या कासवावर मात्र हा हट्ट करू नका. आणि त्याचं तोंड चमच्याने उघडण्याचा प्रयत्नही नको, जबडा मोडतो. नळीने अन्न द्यायचं काम डॉक्टरांचं.

ऊन खायची जागा

कासव थंड रक्ताचं आहे, म्हणजे त्याची प्रतिकारशक्तीही बाहेरच्या तापमानावर चालते. पुण्या-नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत गॅलरीतल्या टबाचं पाणी सकाळी इतकं गार असतं की उत्तम औषधसुद्धा त्या शरीरात नीट काम करत नाही. पिल्लांसाठी पाणी २६ ते २८ अंश सेल्सियस, मोठ्यांसाठी २४ ते २६. अंदाजाने नको, पाण्यात टाकायचा थर्मामीटर घ्या. हीटर लावलात तर त्याला जाळी हवी, नाहीतर कासव काच फोडतं.

पाण्याबाहेर पूर्ण कोरडं होता येईल अशी, वर चढायला उतार असलेली जागा हवी आणि तिथलं तापमान ३० ते ३३ अंश. टबासोबत येणारं प्लॅस्टिकचं नारळाचं झाड कासवाच्या काही कामाचं नाही.

उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी कासव ड जीवनसत्त्व बनवतं आणि मगच कॅल्शियम अंगी लागतं. हे किरण खिडकीची काच अडवते. म्हणून ‘टँक खिडकीजवळ आहे, ऊन येतं’ हे उत्तर पुरेसं नाही. काचेतून फक्त उष्णता येते, आणि काचेच्या टँकमध्ये ती इतकी साठते की कासव मरू शकतं. जाळीच्या क्रेटमध्ये, अर्ध्या भागावर सावली करून, सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास द्या. जवळ बसून राहा. कावळे आणि मांजरं क्षणाचीही उसंत देत नाहीत. फ्लॅटमध्ये ऊन येतच नसेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा यूव्हीबी दिवा, पाकिटावर सांगितलेल्या अंतरावर, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक न ठेवता. उजेड तसाच दिसत असला तरी त्यातली यूव्हीबी सहा ते बारा महिन्यांत उतरते. दिव्यावर लावल्याची तारीख लिहून ठेवा.

पाणी

कासव ज्या पाण्यात खातं त्यातच शौच करतं, आणि माशाच्या मानाने कितीतरी जास्त घाण करतं. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो सुजलेल्या डोळ्याला सतत झोंबत राहतो. पाणी स्वच्छ दिसणं म्हणजे स्वच्छ असणं नव्हे. मत्स्यालयाच्या दुकानात अमोनिया तपासायचं किट मिळतं. आकडा शून्याच्या वर गेला की पाणी बदलायची वेळ टळून गेली आहे.

कवचाच्या दर अडीच सेंटीमीटरमागे साधारण ४० लिटर पाणी असा हिशेब धरतात. ऐकायला खूप वाटतं. पण छोट्या टबात पाणी काही तासांत खराब होतं आणि मग आपण दिवसातून दोनदा नळाचं पाणी ओतत राहतो, तेही पावसाळ्यात, जेव्हा पालिका क्लोरीन वाढवते. पाणी भरून रात्रभर उघडं ठेवा किंवा अँटिक्लोरीनचे थेंब घाला. नवं पाणी आधीच्याच तापमानाचं असावं. फिल्टर कासवासाठी घेताना टँकच्या आकारापेक्षा दुप्पट क्षमतेचा घ्या.

टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा माणसाला जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळीव प्राणी म्हणून विकायला बंदी आहे. मुलं ती तोंडात घालत होती. पाच वर्षांखालच्या मुलांना कासवाला हात लावू देऊ नका, आणि बाकी कोणीही लावला तर साबणाने हात धुवायलाच हवेत, दर वेळी.

औषधं: काय टाळायचं

थेंबांच्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलं असेल तर ती स्टेरॉइडची आहे. सूज भराभर उतरते, म्हणून ती गुणकारी वाटते. पण डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर जखम असेल तर स्टेरॉइडने ती खोल जाते आणि डोळा जातो. मेडिकलवाल्याने दिलेल्या थेंबांत हे मिश्रण फार वेळा सापडतं. रंगाची पट्टी लावून जखम आहे की नाही ते पाहिल्याशिवाय स्टेरॉइड नाही म्हणजे नाही.

डॉक्टरांनी दिलेले थेंब घातल्यावर कासव लगेच पाण्यात सोडलं तर औषध पाण्यात जातं. अर्धा ते एक तास उबदार, कोरड्या डब्यात ठेवा. त्याआधी सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने पापणी हलकेच पुसा. आतला घट्ट गोळा चिमट्याने ओढायचा नाही.

जीवनसत्त्व अ चं इंजेक्शन मागून घेऊ नका. ते यकृतात साठतं, जास्त झालं तर बाहेर टाकता येत नाही, आणि एक-दोन आठवड्यांनी मानेची आणि पायांची कातडी सोलून निघते. तशा उघड्या कातडीचं कासव वाचवणं मूळ आजारापेक्षा अवघड. तोंडावाटे, वजनावर मोजून दिलेला डोस सुरक्षित. माणसांच्या कॅप्सूल फोडून डोळ्यात घालणं तर पूर्ण चुकीचं.

आणि एक नाव पाठ करून ठेवा: आयव्हरमेक्टिन. जनावरांच्या जंत-गोचिडांवर ते सर्रास वापरलं जातं, पण कासवांसाठी ते विष आहे. अंग लुळं पडून मृत्यू येतो. कोणी ‘जंताचं इंजेक्शन’ देऊ म्हणालं तर नाव विचारा.

उतार मोजायचा कसा

स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्या. दर रविवारी, खाण्याआधी, अंग पुसून वजन करा आणि वहीत लिहा. वाढत्या पिल्लाचं वजन थांबलं, तर डोळे दिसायला बरे असले तरी इलाज पुरा झालेला नाही. कवच कडेला हलकेच दाबून बघा. अगदी नव्या पिल्लात थोडं लवतं, मोठ्यात लवायला नको. कासवं आपलं आजारपण शेवटपर्यंत लपवतात, त्यामुळे ‘बरं दिसतंय’ यापेक्षा वहीतला आकडा खरा.

आहार बदलल्यावर सूज दोन-चार दिवसांत जात नाही. अस्तराच्या पेशी नव्याने तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. याच काळात धीर सुटून लोक थेंब बदलतात, डॉक्टर बदलतात आणि कोळंबीची बाटली पुन्हा उघडतात. थांबा.

एवढ्या मोठ्या टँकची सोय होणार नाही असं वाटत असेल तर तुमच्या भागातल्या प्राणी बचाव संस्थेशी बोला. देवळाच्या तळ्यात किंवा नदीत सोडू नका. हे जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीतलं कासव आहे, आपल्या देशी कासवांची ऊन खायची जागा आणि अन्न ते बळकावतं. युरोपीय संघाने याच भीतीने १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली.

सगळं करूनही पुन्हा सुजलं तर

सहा आठवडे आहार, पाणी, तापमान आणि ऊन नीट असूनही पापण्या फुगल्या, तर आता घरी करण्यासारखं काही नाही. डॉक्टरांना पापणीखालच्या पुवाचा नमुना घेऊन कोणत्या प्रतिजैविकाने जंतू मरतात ते तपासायला सांगा. एक्स-रेमध्ये फुप्फुसं, हाडांची घनता आणि गिळलेले खडे दिसतात. मादी असेल तर अडकलेली अंडीही. तोंड उघडून आतलं अस्तर पाहायला हवं, कानाचा गळू सुरुवातीला बाहेरून कळत नाही.

रक्त तपासायचं ठरलं तर प्रयोगशाळा कासवांचे नमुने करते का, हे आधी विचारून घ्या. कासवाच्या लाल पेशींना केंद्रक असतं, त्यामुळे माणसांच्या रक्ताचं यंत्र पेशी चुकीच्या मोजतं. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी मोजाव्या लागतात. रक्त गोठू नये म्हणून नमुन्याच्या बाटलीत रसायन असतं, ते लिथियम हेपरिन हवं; नेहमीच्या ईडीटीएमध्ये कासवांच्या लाल पेशी पुष्कळदा फुटतात. जाताना वजनाची वही, पेलेट्सच्या पाकिटाचा फोटो, दिव्याचं खोकं आणि आजवर वापरलेल्या सगळ्या थेंबांच्या बाटल्या सोबत न्या. रिकाम्या झालेल्यासुद्धा.